वीजबिलाची बखर

दिवाळीच्या अंकात विजेच्या बिलावर लेख, हे पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पण खरे सांगायचे तर हाच विषय दिवाळीचा आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घराघरांवर रंगीत दिव्यांच्या माळा चढतात, आणि तुळशीचे लग्न आटोपते न आटोपते तोच त्या माळांचा हिशेब दारात येऊन पडतो. बहुतेकांना तो परवडतो. ज्यांना परवडत नाही त्यांची गोष्ट मला सांगायची आहे.

मी शाळामास्तर. इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शाळेत शिकवायच्या इतिहासात ‘अमुक साली वीज आली’ असे एखादे वाक्य असते आणि पुढच्या ओळीत लेखक दुसऱ्याच विषयाकडे वळतो. ती वीज ज्याच्या घरी आली त्याला पेलली का, न पेलल्यास त्याने कोणाचे दार ठोठावले, आणि त्या दारातून त्याला काय मिळाले, हे कोणी लिहीत नाही. वस्तुतः गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत, आणि त्यांतली काही आजही आपल्या उपयोगाची आहेत.

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण गरिबाच्या घरी वीज नव्हती. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने १९०५ साली वीज पुरवायला आरंभ केला. १९०७ साली विजेवरची ट्राम धावली. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, ते प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे मुळशीला धरण घालायचे ठरले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा हरला, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला गेली. विजेची किंमत त्या मावळ्यांनी बिल येण्याच्या किती तरी आधी चुकती केली होती, हे या बखरीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवले पाहिजे.

बिल थकले तर काय करायचे, हे १९१० च्या भारतीय वीज कायद्यात स्पष्ट लिहिले होते. कंपनीने पुरे सात दिवस आधी लेखी नोटीस द्यावी आणि मग खुशाल तार तोडावी. मीटरबद्दल तंटा असेल तर तो सरकारच्या विद्युत निरीक्षकाकडे नेता येई, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत कंपनीला हात आखडावा लागे. पण यात एक मौज होती. तंटा निरीक्षकाकडे गेलेला असायला हवा तो नोटीस येण्यापूर्वी! म्हणजे घर पेटण्याआधी बंबाला वर्दी द्यायची. ज्याच्याकडे वकील व मुनीम आहेत त्याला हे साधत असेल. चाळीतल्या फिटरला कसे साधावे?

तो फिटर आणि खेड्यातला त्याचा भाऊ, दोघेही बहुधा रॉकेलवरच होते. चिमणी, कंदील, पावसाळ्यात काजळी धरणारी काच आणि ती राखेने पुसणारी घरातली थोरली मुलगी, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या आजीच्या आठवणीत आहे. पुढे रेशनच्या दुकानात रॉकेल सरकारी दराने मिळू लागले. गरिबाच्या उजेडाचा भार सरकारने उचलला तो पहिल्याने असा, बाटलीच्या मापाने. रांगेत उभे राहावे लागे, माप कमी भरे, दुकानदाराच्या जिभेचा पट्टा सोसावा लागे. तरी त्यात एक सोय होती. पैसे असतील तेवढेच रॉकेल घ्यायचे. संपले की अंधार, पण डोक्यावर बाकी नाही. विजेने उजेडाचा हा शिरस्ताच उलटा केला. उजेड आधी आणि पैसे मागून. आधी वापरायचे आणि महिन्याने किती वापरले ते कळायचे. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला हा उधारीचा व्यवहार किती जड जातो, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली आणि खांब खेड्यांकडे निघाले. मात्र ‘गावात वीज आली’ या शब्दांचा सरकारी अर्थ आपल्या अर्थाहून वेगळा होता. १९९७ पर्यंत गावाच्या शिवारात कोठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकरण झालेल्यांच्या यादीत बसे. एखाद्या बागाइतदाराच्या विहिरीवर पंप बसला, की सारे गाव उजळले असे कागदावर ठरे. २००४ साली व्याख्या बदलली. शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक जागी वीज हवी आणि निदान दहा टक्के घरांत दिवा हवा असे ठरले. उरलेल्या नव्वद टक्क्यांचे काय, असा प्रश्न माझा एखादा विद्यार्थीसुद्धा विचारील.

त्या उरलेल्यांसाठी मधूनमधून योजना आल्या. १९८८-८९ साली कुटीर ज्योती आली, दारिद्र्यरेषेखालच्या झोपडीत एक दिवा लावून देणारी. २००५ साली राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. २०१७ च्या सप्टेंबरात सौभाग्य आली. तिच्यात गरिबांना जोडणी फुकट होती आणि इतरांना पाचशे रुपये तेही दहा हप्त्यांत बिलाबरोबर द्यायचे होते. या योजनांना मी नावे ठेवणार नाही. वाडीवर पहिला बल्ब लागतो तेव्हा पोरे कशी नाचतात ते मी पाहिले आहे. पण सगळ्यांत एक गोष्ट समान होती. फुकट होती ती जोडणी. बिल फुकट नव्हते. तार आणून देणारा निघून जाई आणि मीटर वाचणारा दर महिन्याला येत राही. चार-पाच बिले थकली की लाइनमन शिडी लावी, आणि सरकारी नोंदीत उजळलेले घर पुन्हा चिमणीवर जाई. नाही तर रात्री तारेवर आकडा पडे. आकडा हा गुन्हाच आहे आणि त्याने माणसे मेलीही आहेत. पण कायद्याने वेळेवर दार उघडले नाही म्हणून खिडकीतून शिरलेले पुष्कळ आकडेबहाद्दर मला माहीत आहेत.

आता २००३ सालच्या विद्युत कायद्याकडे येतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचे पुस्तक हौसेने वाचणारा मी नव्हे. पालक मंडळी शाळेत बिले घेऊन येऊ लागली तेव्हा गरजेपोटी वाचले. त्यातले छप्पन्नावे कलम प्रत्येक घरात चुलीच्या वर चिकटवून ठेवावे अशा योग्यतेचे आहे. सात दिवसांची नोटीस होती ती पंधरा दिवसांची झाली. तीही लेखी आणि पुरे पंधरा दिवसांची. दुसरे असे, की बिल चुकीचे वाटत असेल तर ग्राहकाने हरकत नोंदवून एक तर मागितलेली रक्कम भरावी, नाही तर मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दरमहा जी रक्कम येईल ती भरावी. यांत जी कमी असेल तेवढी पुरे. तंटा मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तिसरे, एखादी रक्कम पहिल्याने देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि मधल्या काळात ती बिलावर सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती या कायद्याने वसूल करता येत नाही. हे दोन वर्षांचे कलम पुष्कळदा न्यायालयात गाजले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चूक उशिरा सापडली तर कंपनी पुरवणी बिल मागू शकेल, परंतु मुदतीनंतर त्या बिलासाठी वीज तोडण्याचे हत्यार तिला उगारता येणार नाही.

हे कलम प्रत्यक्षात कसे चालते त्याचा एक प्रसंग सांगतो. पाच-सहा वर्षांमागे सातवीतल्या एका मुलाची आई मधल्या सुट्टीत शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक जुना टीव्ही. बिल यायचे सहाशे-साडेसहाशेचे. या खेपेस आले होते चौदा हजारांच्या वर.

“गुरुजी, हे बिल आमचंच आहे का हो?” तिने विचारले.

नाव तिच्याच नवऱ्याचे होते. आम्ही दोघे वीजकंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, “आधी भरा बाई, मग तक्रार करा.”

“साहेब, भरू कशानं?”

“ते मी कसं सांगणार?”

मी पिशवीतून कलमाची हाती लिहून आणलेली प्रत काढली आणि खिडकीतून आत सरकवली. गृहस्थ चिडतील अशी माझी अटकळ होती, पण तसे झाले नाही. त्यांनी ती दोनदा वाचली, आत जाऊन वरिष्ठांना दाखवली आणि परत येऊन म्हणाले, “मास्तर, असा अर्ज इथे कोणी देतच नाही हो.” अर्ज मी तिथेच लिहिला. तिने अंगठ्याऐवजी सही केली. ती मुलाकडून शिकली होती. सरासरीचे सहाशे चाळीस रुपये भरले, आणि ‘हरकतीसह’ हा शब्द मी पावतीवर लिहवून घेतला. महिन्याभराने मीटर तपासला गेला तेव्हा वाचणाऱ्याने एक आकडा चुकीचा टिपला होता असे निघाले. बिल दुरुस्त झाले. त्या महिन्याभरात घरातला दिवा विझला नाही आणि पोराची सहामाही परीक्षा पार पडली, हे मला बिलाच्या दुरुस्तीहून मोठे वाटते.

कचेरीत निभले नाही तर पुढेही दारे आहेत. याच कायद्याने वीज कंपन्यांना ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच नेमायला लावले, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपालाकडे जायची सोय केली. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. वकील लावावा लागत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जायला हवे. ही दारे आपोआप उघडली नाहीत. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली तेव्हा ‘ग्राहकाचा हक्क’ हे शब्दसुद्धा कोणाच्या तोंडी नव्हते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवांच्या व्याख्येत विजेचा पुरवठा घातला गेला तो अशा चळवळींच्या रेट्याने.

दराच्या बाबतीतही तेच. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला आणि दर ठरवण्याआधी लोकांचे म्हणणे उघडपणे ऐकून घेण्याची पद्धत आली. तोवर दर वाढल्याचे लोकांना बिल हातात पडल्यावर कळे. या सुनावण्यांत पुण्याच्या प्रयास संस्थेसारख्या अभ्यासकांनी मंडळाचे आकडे तपासले. ज्या गळतीचा आकडा वर्षानुवर्षे पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास सांगितला जाई, ती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या वर निघाली. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर पुष्कळशी चोरी व गळती लपली होती, आणि तिचा भार नियमाने बिल भरणाऱ्यांवर पडत होता. शेजारच्या आंध्रात त्याच सुमारास काय घडले तेही लक्षात ठेवावे. २८ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादेत वीजदरवाढीविरुद्ध निघालेल्या मोर्च्यावर बशीरबाग येथे गोळीबार झाला आणि तीन माणसे ठार झाली. बिल परवडत नाही हे सांगण्यासाठी माणसे मेली आहेत, आणि त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

बिल कमी यावे म्हणून गरिबांसाठी आपल्याकडे वेगळा दर ठेवला गेला. पण त्याची एक अट वाचून मी चाट पडलो. आयोगाच्या दरादेशांत कित्येक वर्षे असे होते, की दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाने वर्षात ३६० युनिटांहून जास्त वीज वापरली तर तो सर्वसाधारण घरगुती वर्गात जाईल, आणि एकदा गेला की पुढे वापर कितीही कमी झाला तरी परत येणार नाही. वर्षाला ३६० म्हणजे दिवसाला एक युनिट. मी मुलांना फळ्यावर हे गणित घातले. नऊ वॉटचे दोन दिवे पाच तास आणि पंच्याहत्तर वॉटचा पंखा बारा तास, युनिट किती? पोरांनी उत्तर काढले, ०.९९. एक पोरगा म्हणाला, “गुरुजी, मग मोबाइल कधी चार्ज करायचा?” चंद्रपुराकडच्या उन्हाळ्यात तान्हे मूल असलेल्या घराने पंखा बारा तासच लावायचा आणि एखाद्या वर्षी हात सैल सुटला तर कायमचे सवलतीला मुकायचे. लग्नात चार दिवस मांडवाला दिवे लावले म्हणून रेशनकार्ड काढून घेण्यासारखेच हे. ही अट लिहिणाऱ्याच्या टेबलावर पंखा होता की नाही कोण जाणे, बहुधा होता.

आणि मग २०२० साल आले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, मीटर वाचणे थांबले. बिले सरासरीवर निघाली, आणि ती सरासरी होती हिवाळ्याची. १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. सारे कुटुंब तीन महिने घरात, तोही उन्हाळ्यात. जूनमध्ये मीटर वाचले गेले आणि तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला. कामे बंद, पगार अर्धे किंवा शून्य, आणि हातात हे बिल. वापराचे टप्पे तीन महिन्यांत विभागून धरले आहेत, असे कंपनीने समजावून सांगितले आणि ते खरेही होते. पण रिकाम्या खिशाला हिशेब बरोबर असल्याचा काय उपयोग? तीन हप्त्यांत भरायची मुभा मिळाली. एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट मिळाली, म्हणजे ज्याच्यापाशी पैसे होते त्याला. सवलतीची आशा दाखवली गेली, आणि दिवाळी होते न होते तोच नोव्हेंबरात ती देता येणार नाही असे सांगण्यात आले. पुढे थकबाकीदारांची वीज तोडायला २ मार्च २०२१ रोजी विधानसभेत स्थगिती जाहीर झाली. अधिवेशन संपताना, १० मार्चला ती उठली. इतक्या कमी मुदतीची दया या बखरीत दुसरी सापडणार नाही.

सीमेपलीकडे बेळगावातल्या मराठी घरांत मात्र २०२३ च्या ऑगस्टपासून शून्य रुपयांची बिले येऊ लागली. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत आधीच्या सरासरी वापरावर दहा टक्के अधिक धरून, दोनशे युनिटांच्या मर्यादेत बिल माफ झाले. आमच्या एका नातेवाइकांनी ते बिल काच लावून भिंतीवर टांगले आहे! फुकट दिल्याने माणूस आळशी होतो असे म्हणणारे लोक मला भेटतात. ते बहुधा वातानुकूलित खोलीत भेटतात. पण पैसा कोठून तरी यायलाच हवा, हेही खोटे नाही. सरकारने दर माफ केला तर ती रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी, असे २००३ च्या कायद्याचे पासष्टावे कलम सांगते. तसे झाले नाही, की तोटा फिरून कोणाच्या ना कोणाच्या दरात येतो. महाराष्ट्रात घरगुती बिलावर सोळा टक्के वीज शुल्क बसते, स्थिर आकार आणि वहन आकार वेगळे. गरिबाला हात द्यायचाच तर निदान पहिल्या काही युनिटांवरचे शुल्क तरी सोडायला काय हरकत आहे, असे माझे साधे मत आहे.

२०२४ साली केंद्राने छपरावर सौर पट्ट्या बसवायला अनुदान जाहीर केले, तीन किलोवॉटपर्यंत अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. ज्याला स्वतःचे छप्पर आहे त्याला ते लाभो. चाळीतल्या भाडेकरूला छप्पर कोणाचे, हाच वाद असतो. त्याच वर्षी सप्टेंबरात महावितरणने अभय योजना काढली. ज्यांची वीज ३१ मार्च २०२४ पूर्वी कायमची तुटली होती, त्यांना व्याज आणि विलंब आकार माफ झाला. मूळ रक्कम एकदम भरता येई, नाही तर तीस टक्के आधी आणि उरलेली सहा बिनव्याजी हप्त्यांत.

आमच्या शाळेमागच्या गल्लीत एका विधवा आजींचे घर अशा घरांपैकी होते. मुलगा वारला तेव्हापासून बिल थकले आणि तार तुटली, त्याला नऊ वर्षे झाली होती. मूळ रक्कम निघाली दोन हजार सातशे, तिच्यावरचे व्याज तिच्याहून जास्त. तीस टक्के म्हणजे आठशे दहा रुपये शेजारच्या चार घरांनी मिळून भरले, हप्ते आजी स्वतः भरणार होत्या. नवा मीटर लावायला आलेल्या वायरमनने विचारले, “आजी, पॉइंट किती काढायचे?” त्या म्हणाल्या, “एक स्वयंपाकघरात काढ, आणि एक ओट्यावर. ओट्यावरचा रात्रभर नको.”